टिचलं की सांधायचं

मृग तोंडावर आला की गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या मुलचेऱ्यात माणसं जमिनीवर कमी आणि छपरावर जास्त दिसायची. कवेलू फेरायचा तो हंगाम. वर्षभर वानरांनी उड्या मारून फोडलेली कवेलू वेचून खाली द्यायची, धडकी वर चढवायची आणि फुटक्यांतली अर्धीअधिक पुन्हा कुठे तरी बसवायची. खाली अंगणात मोठी माय उभी असायची हिशेब ठेवायला, म्हणजे ओरडायला. "ते कायले फेकतेस रे बावा? वळचणीले लागते ना ते!" फुटकं कवेलू वळचणीला. त्याहून फुटकं कोंबड्यांच्या खुराड्यावर. त्याहून फुटकं तुळशीच्या ओट्याला टेकण म्हणून. आणि ज्याचे अगदीच तुकडे झाले ते पोरींना ठिकरी खेळायला. आमच्या घरी काही फेकलं जात नसे. तुमच्याही घरी नसेलच.

हे काम एकट्याच्या घराचं कधी नव्हतं. शेजारचा पोरगा आमच्या छपरावर, आमचा त्यांच्या. मजुरीत दुपारची आंबील, लसणाची चटणी आणि मोठ्या मायचे टोमणे. संध्याकाळी आबाजी घरात उताणे पडून छपराकडे बघत बसायचे. कुठून उजेड दिसतो ते बोटाने दाखवायचे. उजेड दिसला तिथून पाणी येणार. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिडी.

कुडाच्या भिंतीचंही तेच. बांबूचे ताटवे, वर माती, त्यावर शेणाचा हात. पावसाने भिंत सोलली की दिवाळीआधी ती पुन्हा उभी. बांबू निस्ताराचा, डेपोतून आणलेला. तो कधी वेळेवर मिळायचा, कधी नाही, आणि नाही मिळाला तर जंगल मागेच होतं. कुणी काय केलं हे इथे लिहायची गरज नाही. तुम्हाला माहीत आहे.

रात्रीचा कारभार कंदिलावर. रेशनच्या दुकानात निळं मातीचं तेल मिळायचं, त्याची रांग, त्याची बाटली, बाटलीच्या तोंडात बुचाऐवजी कोंबलेला चिंधीचा बोळा. राखेने काच पुसणं हे शाळेतून आलेल्या लेकराचं काम, कारण त्याचाच हात काचेत शिरायचा. काचेला चीर गेली की वहीचा कागद भाताच्या पेजेने चिकटवायचा. कागद काळा पडायचा, दुसरा लावायचा. त्या काचेने आमच्या घरात किती परीक्षा काढल्या कुणास ठाऊक. तिच्या एका बाजूचा उजेड नेहमी जरा मंद असायचा आणि त्या बाजूला बसायला कुणी तयार नसायचं.

जर्मनचा गंज बुडातून गळायला लागला की त्याची बदली व्हायची. आधी भात शिजवायचा, मग जनावरांचा कोंडा कालवायचा, शेवटी सांदवाडीत झेंडू लावायचा. (बदली आम्हाला लहानपणापासून पाठ. शिक्षेची बदली म्हणून साहेब लोक आमच्याच मुलखात यायचे, आणि आल्या दिवसापासून परत जायच्या खटपटीत असायचे.) चपलेचा पट्टा निघाला तर त्याला पिन. पिन गेली तर तार. छत्रीची काडी मोडली तर छत्री आबाजींकडे, कारण ते तिरपी धरून चालू शकत. सायकलच्या ट्यूबला पंक्चर इतकी की मूळ ट्यूब कुठली आणि ठिगळ कुठलं, ओळखू येत नसे.

रेडिओचा मान मात्र घरात जावयाचा. त्याला खुंटीवर जागा, त्याला भरतकामाचं झाकण, त्याच्या सेलना उन्हात वाळवण. सेल उन्हात ठेवले की पुन्हा थोडे बोलतात, हे शास्त्र मुलचेऱ्यात प्रत्येकाला येत होतं. आणि रेडिओ ठेवायचा तर तेव्हा टपालखात्याचा परवाना लागायचा, त्याची छोटी पुस्तिका असायची, दरसाल पैसे भरायचे. ती पुस्तिका पत्र्याच्या पेटीत सातबाऱ्याच्या शेजारी ठेवलेली. पेटीत आणखी काय? रेशन कार्ड, शाळेच्या टीसी, एक जुनी पावती जिच्यावर काय लिहिलंय हे कुणालाच वाचता येत नसे, पण फेकायची हिंमतही होत नसे.

मृगाआधी घरात चार महिन्यांची बेगमी व्हायची. मीठ, मिरची, काडेपेट्या, मातीचं तेल, सुकी मासोळी, मोहाच्या टोरीचं तेल. पावसाळ्यात जंगलच घर चालवायचं: वास्ते, सात्या, रानभाज्या. दिना नदी फुगली की रस्ता बंद. मग घोट आणि आष्टी नावालाच जवळची. गडचिरोली तर दुसरा देशच. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आमचं जिल्ह्याचं ठिकाण चंद्रपूर. एका सहीसाठी चंद्रपूरला जाऊन आलेली माणसं घरी आल्यावर तीर्थाहून आल्यागत बोलायची. त्याच दिना नदीवर रेगडीला धरण झालं, कन्नमवारांचं नाव दिलेलं. मारोतराव कन्नमवार चंद्रपूर जिल्ह्यातले, राज्याचे मुख्यमंत्री झालेले, त्यामुळे ते नाव घेताना आबाजी मान थोडी वर करायचे.

सगळं गोड होतं असं म्हणणारा एक तर खोटं बोलतो, नाही तर तो पुरुष आहे. पाणी भरायला बायाच जायच्या. हिवतापाने घराघरात कुणी ना कुणी कुडकुडत असायचं. फवारणीवाले येऊन भिंतीवर तारीख टाकून जायचे, वाकळी-भांडी बाहेर काढावी लागायची, बोट टोचून रक्त घ्यायचे, आणि त्या कडू गोळ्यांची चव आमच्या पिढीच्या जिभेवरून अजून गेलेली नाही. पावसाळ्यात बाळंतीण अडली तर खाटेवर घालून न्यायची. काही पोचल्या. काही नाही पोचल्या. त्या दिवसांत परत जायचं का, असं कुणी विचारलं तर आमच्या बायका पहिल्यांदा नाही म्हणतील, आणि त्यांचं बरोबर आहे.

पण एक होतं. जे बिघडायचं ते हाताच्या टप्प्यात बिघडायचं.

आमच्या तालुक्यात हे काही एकट्या मराठी घरांचं नव्हतं. माडिया-गोंड आधीपासूनचे, तेलुगू बोलणारे पलीकडचे, आणि साठच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून उखडून आलेली बंगाली माणसं, ज्यांना सरकारने इथं जंगल तोडून वसवलं. सुंदरनगर, विवेकानंदपूर, देशबंधुग्राम, खुदिरामपल्ली ही त्या गावांची नावं. आधी आम्ही त्यांच्या मासे खाण्यावर हसलो, मग त्यांच्याकडूनच मासे घ्यायला लागलो. त्यांची माणसं फाटकी जाळी मांडीवर घेऊन तासन्‌तास सांधत बसायची. त्यांच्या बाया जुन्या साड्यांचे थर लावून धावदोरा घालत कांथा शिवायच्या, आमच्या बाया जुन्या लुगड्यांचे थर लावून धावदोरा घालत वाकळ शिवायच्या. भाषा कळायच्या आधी दोघींना टाका कळला. ते लोक कागद मात्र आमच्यापेक्षा जपायचे. घर सोडून आलेल्याला कागदाची किंमत कळते. त्यांच्या पेट्या आमच्यापेक्षा जड असायच्या.

उन्हाळ्यात मे महिन्यात सगळं गाव तेंदूला. पहाटे जंगलात, दुपारी सावलीत बसून पुडे बांधायचे, ७० पानांचा एक पुडा. संध्याकाळी फळीवर. तिथे मुन्शी बसलेला. त्याला शंका आली की तो पुडा सोडून पानं मोजायचा आणि दोन-चार कमी भरली की बाजूला टाकायचा. मग हुज्जत. "अजी, मोजा पुन्हा. पान चिकटलं असंन." तो पुन्हा मोजायचा. कधी ६८ निघायची, कधी खरोखरच ७०. कधी तो चिडायचा, कधी मोठी माय चिडायची. मोठी माय चिडली की मुन्शी ७० म्हणायचा. कमी-जास्त व्हायचं, फसवणूकही व्हायची, पण समोर माणूस होता आणि त्याला डोळे होते.

सरकारी कचेरीतही तसंच. तलाठी सज्जावर नाही. साहेब मीटिंगला. उद्या या. परवा या. हे आम्ही खूप ऐकलं. ते चांगलं होतं असं कोण म्हणेल? पण कचेरीला ओटा होता. ओट्यावर बसता यायचं. शिदोरी सोडून तिथेच खाता यायची. दिवसभर एक म्हातारी समोर बसून राहिली तर संध्याकाळपर्यंत कारकुनाला लाज वाटायची आणि तो चष्मा शोधायला लागायचा. आमच्या मोठ्या मायने अशी किती कामं नुसती बसून करून घेतली.

'सर्व्हर डाऊन'ला ओटा नसतो.

रेशनच्या दुकानात आता मशीन आहे. त्यावर अंगठा ठेवायचा. आमच्या घरातल्या बायांनी उभा जन्म चिखलात रोवणा केला, पऱ्हे उपटले, धान कापलं, बांबूच्या कांब्या सोलल्या, राखेने भांडी घासली. अंगठ्यावर रेषा राहिल्या कुठे? दुकानदार म्हणतो, हात पुसा. पुसला. दुसरं बोट ठेवा. ठेवलं. जरा दाबा. दाबलं. तेल लावून पाहा, पाण्याने धुऊन पाहा, दुपारी या, लिंक येईल. आमच्यातली एक म्हातारी एकदा मशीनकडेच बोलली, "माहाच आंगठा होय ना हा, का तुहा होय?" रांग हसली. तीही हसली. घरी येताना मात्र गप्प होती, आणि दोन दिवस ती आपला अंगठा उजेडात धरून बघत होती.

काहीही फुटलं की हात पुढे करणारी ही पिढी. आता तिचा हातच खराब निघाला, आणि तो कुठे दुरुस्त करून मिळत नाही. ही लाज आम्ही कुणाला सांगत नाही. नातवाला सांगत नाही, कारण तो फोन घेऊन दोन मिनिटांत काही तरी करतो आणि "एवढं सोपं तर आहे" म्हणतो. आम्हाला ओटीपी येतो तेव्हा छातीत धस्स होतं. कुणाला सांगायचा, कुणाला नाही, हे बँकेतला एक सांगतो आणि फोनवरचा दुसरा वेगळं सांगतो. चुकीचं बटण दाबलं तर पैसे जातील, म्हणून आम्ही बटणच दाबत नाही. चार माणसांत फोन वाजला की आम्ही तो पोराच्या हातात देतो आणि चष्मा विसरलो म्हणतो.

आधारचा पहिला क्रमांक दिला गेला तो महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला. तोही आमच्यासारखाच आदिवासी मुलूख. म्हणजे सुरुवात आमच्यासारख्यांपासून केली, हे खरं. मग नावं बसवताना काय झालं ते बघा. इथल्या माणसाचं नाव गोंडी, नाही तर तेलुगू, नाही तर बंगाली. ते लिहिलं मराठी गुरुजींनी. ते टाइप केलं इंग्रजीत कुणी तरी, आणि मशीनने ते पुन्हा मराठीत आणलं. एका कार्डावर मंडल, दुसऱ्यावर मंडळ, तिसऱ्यावर मोंडल. आत्राम कुठे अत्राम. जन्मतारीख बहुतेकांची १ जानेवारी किंवा १ जून. इतकी माणसं एका दिवशी जन्मली तर सुईणीचं काय झालं असतं! आणि तीन कार्डांवर तीन माणसं झाली की कुठलाच पैसा कुठल्याच खात्यात जात नाही. दुरुस्तीला तालुक्याला जा, तिथून जिल्ह्याला पाठवतील. म्हातारपणी 'श्रावणबाळ'चे पैसे हवेत तर दरवर्षी हयातीचा दाखला. आपण जिवंत आहोत हे दाखवायला जिवंत माणसाने जायचं आणि मशीनने मान हलवायची.

कागदावरच्या जुन्या हजेरीला आम्ही डोक्यावर घेत नाही. रोजगार हमी ही महाराष्ट्राचीच, वि. स. पागे यांनी मांडलेली, १९७२ च्या दुष्काळात वाढलेली, १९७७ ला तिचा कायदा झाला. आमच्या बायांनी त्या कामांवर गिट्टी फोडली, बांध घातले, निळ्या शाईचे अंगठे उमटवले. त्या मस्टरांवर खोटे अंगठेही उमटायचे. मेलेली माणसं हजर असायची आणि त्यांची मजुरी कुणी तरी उचलायचा. मशीन त्यासाठी आलं, हे आम्हाला कळतं. पण खोटं करणारा दुसरा रस्ता शोधतो, आणि मशीनपुढे उभी राहते ती म्हातारी. २०२३ च्या १ जानेवारीपासून कामावरची हजेरी मोबाइलवर, दिवसातून दोनदा फोटो. रेंज नसलेल्या जंगलात फोटो काढायचा आणि रेंजच्या शोधात टेकडी चढायची. खोदकाम राहतं बाजूला.

मुलचेऱ्यात तर ती हमीच आता आमच्या हातात राहिली नाही. २०१५ ला तालुक्याच्या ठिकाणी नगरपंचायत झाली. गाव नगर झालं. आम्हाला आनंद झाला. फलक लागला, वॉर्ड पडले, पोरं नगरसेवक झाली. मग कळलं की ग्रामीण रोजगाराचा कायदा ग्रामीण भागापुरता आणि आदिवासी भागासाठीच्या पेसा कायद्यातली ग्रामसभाही गावापुरती. धान तेच, गुरं तीच, शेणाचा हात तोच. कागदावर तेवढे आम्ही शहरी.

वनहक्काचं आणखी वेगळं. २००६ चा कायदा चांगला, हे आमच्या जिल्ह्याने देशाला दाखवलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने आपल्या जंगलावरचा हक्क मिळवला, २०११ ला बांबूचा वाहतूक परवाना स्वतःच्या ग्रामसभेच्या हातात घेतला. निस्ताराच्या डेपोपुढे उभ्या राहिलेल्या आमच्या पिढीला त्या बातमीने काय वाटलं, ते सांगता येत नाही. पण त्याच कायद्यात आदिवासी नसलेल्याने १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या ७५ वर्षांचा, म्हणजे तीन पिढ्यांचा, पुरावा द्यायचा आहे. १९३० पासूनचा. साठच्या दशकात आलेल्या सुंदरनगरच्या माणसाने तो कुठून आणायचा? त्याच्या पेटीतले कागद कितीही जपलेले असोत, तीन पिढ्या मागे गेलं की ते दुसऱ्या देशात पोचतात.

आणि तरी त्याच कायद्याच्या नियमांत एक गोष्ट आहे जी आम्हाला फार आवडली. गावातल्या वृद्धांचा जबाब लिहून घेतला तर तो पुरावा धरतात. म्हणजे एका सरकारी कागदावर आबाजींचा शब्द चालतो, आणि दुसऱ्या सरकारी मशीनवर मोठ्या मायचा अंगठा चालत नाही. सरकार एकच ना?

घरांचं म्हणाल तर कवेलू आता फार राहिली नाहीत. टिनं आली, स्लॅब आले, घरकुलं आली. टिनावर पाऊस पडला की शेजारी बसलेल्याचं ऐकू येत नाही, पण गळत नाही, आणि वानरांचंही काही चालत नाही. गॅस आला, बायांचे डोळे वाचले. सिलिंडरचे पैसे नसले की चूल आहेच. २०२४ च्या ऑगस्टपासून 'लाडकी बहीण'चे महिन्याला दीड हजार यायला लागले, त्यातून कुणी शिलाई मशीन घेतलं, कुणी नातीची सायकल. मग त्याचंही ई-केवायसी निघालं आणि पुन्हा सगळ्या बाया ओटीपीची वाट बघत रांगेत. लगामच्या रस्त्यावरून सुरजागडच्या लोहखाणीच्या पहाडाची लाल माती ट्रकांत भरून जाते आणि कडेच्या घरांच्या वाळवणावर बसते. मोठी माय असती तर तिने ट्रक थांबवून हिशेब मागितला असता. तिला कुणी सांगितलं असतं की हा हिशेब ऑनलाइन आहे, तर ती रस्त्यावरच बसली असती.

म्हणून आमच्या पिढीच्या मुलामुलींना, विशेषतः जे आता त्याच कचेऱ्यांत खुर्चीवर बसतात त्यांना, एवढंच सांगायचं आहे. अंगठा जुळला नाही म्हणून कुणाचं धान्य अडवायचं नाही, हे केंद्राच्या अन्न खात्याने २०१७ लाच सगळ्या राज्यांना लेखी कळवलं आहे. मशीनने नाही म्हटलं तर दुसऱ्या तऱ्हेने ओळख पटवायची, नोंद करायची आणि धान्य द्यायचं. ही सोय आहे. ती आम्हाला कुणी सांगत नाही, आणि आम्ही विचारत नाही, कारण आम्हाला आपल्याच अंगठ्याची लाज वाटते. तेव्हा पुढच्या वेळी घरातल्या म्हातारीसोबत तुम्ही जा. फोन नातवाकडे असू द्या, तुम्ही नुसते तिच्या शेजारी उभे राहा, नोंदवही मागा, आणि धान्य पिशवीत पडल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.